उंबऱ्याचं नाक

आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा येणारा माणूस मला विचारतो, "मिस्त्री कुठंयत?" मी हातातली हातोडी खाली ठेवत नाही. "बोला," म्हणते. तो इकडंतिकडं बघतो, मग बाजेवर बसलेल्या अब्बांकडं वळतो. अब्बा माझ्याकडं बोट दाखवतात. पंधरा वर्षं झाली, आठवड्यातून दोनदा तरी हा तमाशा होतोच. बीडमध्ये बाईनं कलेक्टर व्हावं, चालतं. पत्रा ठोकू नये. मी ठोकते. ज्याला पटत नाही त्यानं आपला चेपलेला दरवाजा घेऊन खुशाल गावभर हिंडावं.

सांगायचंय ते एका गाडीच्या नाकाचं. त्या नाकापायी आमची चार चांगली गिऱ्हाइकं तुटली आणि अब्बा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. लोक अजूनही म्हणतात, पोरीनं तोंड आवरायला हवं होतं. आवरलं नाही. पुन्हा वेळ आली तरी आवरणार नाही.

गाडी इटलीची. दोन दारांची, ठेंगणी, उतरत्या पाठीची. पाटोद्याकडच्या एका जमीनदार घराण्यातल्या थोरल्या मालकांनी ती हैदराबादहून हौसेनं आणली होती. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडायचा, घरातल्या लग्नात नवरदेव तिच्यातून मिरवायचा, एरवी ती गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली ताडपत्री पांघरून असायची. तिचं सगळं काम अब्बांकडं. त्या वेळी जिल्ह्यात तिच्या अंगाला हात लावायची हिंमत दुसऱ्या कुणाची नव्हती.

ह्या गाडीच्या जाती दोन. पहिल्या जातीत बॉनेटची पुढची कड नाकाच्या पत्र्यापेक्षा बोटभर वर उचललेली असते, दाराला उंबरा असतो तशी. मागून निघालेल्या जातीत कंपनीनं ती कड काढून टाकली. नाक सपाट झालं, पुढचे दिवे दोनाचे चार झाले, मागचे बारके दिवे मोठे झाले, बंपर जाड झाला. अब्बा पहिलीला उंबऱ्याची म्हणायचे आणि दुसरीला सपाट. इटलीत काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि इटलीवाल्यांनी आम्हाला कधी विचारलंही नव्हतं. उंबऱ्याची कमी निघाली म्हणून तिला मान जास्त. मग लबाड लोक सपाट गाडीला उंबरा चढवून विकतात. तसली गाडी ओळखायची तर तोंडाकडं बघायचंच नाही, मागं जायचं. "माणूस तोंड बदलतो," अब्बा म्हणायचे, "पाठ बदलायची त्याला याद ऱ्हात न्हाई."

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा थोरल्या मालकांच्या मुलानं ती गाडी नेकनूरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीत घातली. ह्यांना आम्ही धाकटे मालक म्हणतो. तेव्हा ते मिसरूड फुटलेले आणि डोळ्यांवर काळा चष्मा असे होते. गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली. नाक राहिलंच नव्हतं, नुसता चोळामोळा. दोन्ही दिवे आणि बंपर तेवढे पुन्हा वापरता येतील असे हाती लागले.

"चाचा, सपाट करून टाका," धाकटे मालक म्हणाले. "लवकर हुईल. इथं कोण बघायलंय?"

"मालक, हिचे मागचे दिवे बारके हायत," अब्बा म्हणाले. "बारक्या दिव्याच्या गाडीला सपाट नाक? उद्या कुणी जाणकार आला तर म्हणंल, बीडच्या मिस्त्रीला गाडीची जात कळत न्हाई."

"आवो, पण उंबरा कुठनं आणताव?"

"आणायचा कावून? करायचा."

करायचा कसा, हा प्रश्न होताच. मोजायला दुसरी गाडी जवळपास नाही, पुस्तक नाही, इंटरनेटचं तेव्हा आमच्याकडं नावही नाही. होता फक्त एक फोटो. थोरले मालक गाडीपुढं उभे, एक पाय ऐटीत बंपरवर ठेवलेला. आणि नाकाचा उजवा अर्धा भाग मालकांच्या धोतरामागं! अब्बांनी त्या धोतराला दिलेल्या शिव्या मला इथं लिहिता येणार नाहीत. शेवटी मी तो फोटो झेरॉक्सच्या दुकानात मोठा करून घेतला, त्यावर पट्टीनं चौकोन आखले, डावी बाजू मोजून उजवीकडं उलटी उतरवली. धोतराआडचं नाक आम्ही असं बाहेर काढलं.

अब्बांनी बाभळीचा बुंधा आणला आणि तासून त्याचा साचा केला. पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकायचा, साच्यावर बसवून बघायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा ठोकायचा. पुट्टी लावायची नाही हा त्यांचा हट्ट. पुट्टी म्हणजे पावडर-लाली, घाम आला की ओघळते, असं ते म्हणतात. जिथं अगदीच भरावं लागलं तिथं शिसं वितळवून, तेही पातळ. पत्र्याचा चढउतार ते डोळ्यांनी बघायचे नाहीत. अम्मीच्या जुन्या ओढणीचा तुकडा ओला करून पत्र्यावर टाकायचे आणि वरून तळहात फिरवायचे. कोरड्या हाताला जे लागत नाही ते ओल्या कपड्यातून लागतं. मलाही त्यांनी असंच शिकवलं. अडीच महिने लागले. मग सगळ्या गाडीला नवा रंग दिला आणि नाक कुठं सुरू होतं, कुठं संपतं हे अब्बांनाही सांगता येईना.

एक चूक मात्र केली त्यांनी. तो उंबरा आणि नाक ह्यांच्यात बोटभर फट असते. तिच्या आत काय असतं ते अब्बांनी आधी कधी बघितलं नव्हतं आणि त्या चोळामोळ्यातून कळतही नव्हतं. ही फट कावून ठेवली असंल, ह्याचा अब्बांनी दोन दिवस विचार केला. ते बीडचे. वैशाखात आमच्या शेडच्या पत्र्यावर भाकरी भाजावी. त्यांच्या हिशेबी फट असते ती हवेसाठी, दुसरं कशासाठी असणार? म्हणून त्यांनी फटीमागच्या पत्र्याला अकरा भोकं पाडली आणि कानशीनं घासून एकेक गोल केलं, आत इंजिनाला वारं लागावं म्हणून. पुढं मी मोबाईल घेतला, त्या गाडीचे व्हिडिओ बघितले, तेव्हा कळलं की कंपनीच्या गाडीत फटीमागं बंद पत्रा असतो. नुसती शोभा! मी अब्बांना ते सांगितलं. ते म्हणाले, "तर मग चूक इटलीवाल्याची हाय."

आता आमच्या धंद्याचं दुखणं सांगते. सुतार खुर्ची करतो, खुर्ची दिसते. गवंडी भिंत बांधतो, भिंत दिसते. डेंटरचं काम चांगलं झालं की ते दिसत नाही. दिसलं म्हणजे बिघडलं. अब्बांनी पन्नास वर्षं लोकांच्या धडका पुसल्या, आणि पुसलेल्याचं नाव कुठं राहतं का? स्वतः घडवलेली, कोऱ्या पत्र्यातून उभी केलेली एकच वस्तू त्यांच्या नावावर आहे, ते नाक. तीन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात. कपातला चहा बशीत सांडतो. दुसरं नाक आता होणार नाही.

मागच्या हिवाळ्यात धाकट्या मालकांनी गाडी विकायला काढली. थोरले मालक केव्हाच गेले. मुंबईच्या कुणा शौकिनाला ती हवी होती आणि त्याचा माणूस तपासायला येणार होता. गाडी आमच्या शेडमध्ये आणली, पॉलिश करायला. जाताना धाकटे मालक बाजेपाशी वाकले.

"मिस्त्री, नाकाचं काय बोलायचं न्हाई बरं का. नाक कंपनीचंच हाय."

"न्हाई मालक, न्हाई बोलत," अब्बा म्हणाले.

"ताई, तुमी पण."

मी पॉलिशचा डबा उघडत होते. उघडत राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

तो माणूस आला. पन्नाशीचा, पुण्याकडच्या बोलीचा, हातात पांढरे हातमोजे आणि पत्र्यावर टेकवून रंगाची जाडी मोजायचं यंत्र. त्याला गाडी कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. तो आधी मागं गेला. बारके दिवे बघितले, डिकीची कडी बघितली, दाराची आतली कड बघितली, नंबराची पट्टी वाचली. मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर टिक करत होते. शाबास, म्हटलं, मागून सुरुवात केली, आपल्यातलाच आहे. मग तो पुढं आला. नाकावर यंत्र टेकवलं, इथं, तिथं, पुन्हा इथं. उंबऱ्यावरून हातमोजा घातलेलं बोट फिरवलं.

"वा!" तो म्हणाला. "ह्याला म्हणतात फॅक्टरीचं काम. उंबऱ्याची खरी गाडी, आणि नाकाला आजवर कोणाचा हात लागलेला नाही. ही सफाई फक्त इटलीतच."

उंबरा हा शब्द त्याचा नव्हता. त्याचा शब्द परदेशी होता, पण अर्थ तोच. धाकटे मालक गालात हसले. अब्बा खाली जमिनीकडं बघत होते, पण मिशीचं एक टोक हललं. मीही सुखावले. जाणकार फसला म्हणजे आमचा बाप पास झाला. इथवर मी मूग गिळून गप्प बसले असते, खुदा की कसम, बसले असते.

मग तो पुन्हा मागच्या बाजूला गेला. मागचा पंखा, म्हणजे चाकावरचा पत्रा, आणि छत जिथं जुळतात त्या सांध्यावर त्यानं यंत्र टेकवलं आणि आकडा एकदम उडाला. त्यानं तोंड वाकडं केलं.

"इथे मात्र कोणीतरी लोकल माणसाने वाट लावलीय. पुट्टी थापलीय नुसती. ह्या भागात हेच असतं हो. हातोडी हातात आली की झाले मिस्त्री!"

हे तो अब्बांच्या बाजेपासून दोन हातांवर उभा राहून बोलला. आणि अब्बांनी मान हलवली. हो, हो, असं असतं खरं, अशी. ज्या सांध्याला त्यांनी रंगापलीकडं काही लावलं नव्हतं, त्याचा दोष त्यांनी मान हलवून अंगावर घेतला. ती मान मी बघितली आणि माझं डोकंच फिरलं.

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही सगळं उलटं सांगायला लागलात."

"म्हणजे?"

"मागचा सांधा इटलीचा आहे. तिथं कंपनीनंच बोटभर शिसं ओतलंय, त्यांना पत्रा जुळवता आला नव्हता म्हणून. आणि नाक आमचं आहे. इथं, ह्या शेडमध्ये, बाभळीच्या बुंध्यावर ठोकलेलं."

"ताई!" धाकटे मालक ओरडले.

"चुप बैठ बेटी," अब्बा म्हणाले.

साहेब हसला. वाईट वाटेल असं हसला नाही, पण लहान पोरीशी हसावं तसं हसला. "अहो ताई, मी वीस वर्षं ह्याच गाड्या बघतोय."

"बघताय तुम्ही. आम्ही केलीय."

"उगं कायबी बोलू नका," धाकटे मालक म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "काय पुरावा हाय? बाप दाखव न्हायतर श्राद्ध कर."

"श्राद्ध आमच्यात नसतं, मालक," मी म्हटलं. "बाप हा काय, बाजेवर बसलाय."

मी डिकी उघडली, आतलं कापड उचकटलं आणि साहेबाला बॅटरी दिली. सांध्याच्या आतून मशीनच्या वेल्डिंगचे टिपके, सारख्या अंतरावर, रांगेत. गेल्या किती वर्षांत तिथं आगीची झळ लागलेली नाही, हे कुणालाही दिसावं. मग मी त्याला पुढं आणलं. "हातमोजा काढा," म्हटलं. त्यानं का कोण जाणे, निमूट काढला. "फटीत बोट घाला. आणखी आत. काय लागतंय?"

तो वाकला. त्याचं बोट हळूहळू डावीकडून उजवीकडं सरकत गेलं. ओठ हलत होते. तो मोजत होता.

"अकरा," तो म्हणाला.

"कंपनीच्या गाडीत किती असतात?"

तो गुडघ्यावर बसला, बॅटरी खालून मारली, उघड्या तळहातानं सगळं नाक चाचपलं. डोळे मिटून. बराच वेळ. मग अब्बांपुढं जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज बदलला होता.

"चाचा, हे तुम्ही केलंत?"

अब्बांनी धाकट्या मालकांकडं बघितलं. मग म्हणाले, "याद न्हाई साहेब. लई वर्सं झाली."

मला रडूच यायला लागलं. रागानं. दिलेल्या शब्दाला माणसानं किती जागावं? स्वतःला पुसून टाकण्याइतकं?

"ह्यांना याद नसंल," मी म्हटलं, "मला आहे. तुमच्या कागदावर लिहा. नाक बीडमध्ये घडवलं. आणि घडवणाऱ्याचं नाव लिहा."

धाकटे मालक मध्ये पडले, साहेबाला बाजूला घेऊन काहीबाही सांगू लागले. साहेब म्हणाला, "नाही हो, आता मला दिसलंय. दिसल्यावर मी खोटं लिहीत नाही." एवढ्यासाठी त्या माणसाला माझा सलाम. नाव त्यानं अब्बांना विचारलं. मी सांगितलं, अक्षर न अक्षर, आणि त्यानं ते बरोबर लिहिलंय का ते त्याच्या खांद्यावरून वाचून घेतलं.

मुंबईचा शौकीन मागं फिरला. त्याला कुणाचाही हात न लागलेली गाडी हवी होती. दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी गाडी ओढून नेली. जाताना मला म्हणाले, "खाल्ल्या मिठाला जागली न्हाईस." मी म्हटलं, "मीठ कामाचं खाल्लं, मालक. खोट्याचं नाही." ते गेले आणि त्यांच्या भाऊबंदांच्या आणखी तीन गाड्या आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. ह्याला मी बहादुरी म्हणत नाही. चार गाड्या म्हणजे आमच्या शेडला थोड्या नव्हेत, आणि भोगायचं ते आम्ही अजून भोगतोय.

अब्बा त्या संध्याकाळी एवढंच बोलले, "मैंने ज़बान दी थी." मी म्हटलं, "तुम्ही दिली होती. मी नव्हती दिली." त्यावर त्यांनी तोंड फिरवलं. दोन दिवस घरात भांड्यांचेच आवाज. अम्मी दोघांना वेगवेगळं जेवायला वाढायची आणि कपाळावर हात मारायची. त्यांचा शब्द माझ्यामुळं मोडला, हे खरं आहे. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण माफी मागितली नाही. इटलीचं थापलेलं आमच्या बापाच्या नावावर आणि आमच्या बापाचं घडवलेलं इटलीच्या नावावर, असला हिशेब मला मान्य नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. न विको. पण पिकवलं कुणी ते तरी सांगा.

तिसऱ्या दिवशी सकाळी अब्बा काठी घेऊन उठले आणि समोरच्या चहाच्या हॉटेलात गेले. तिथं ऑटोवाले, टायरवाले, स्टँडकडं जाणारे-येणारे बसलेले असतात. बातमी सगळ्यांना लागलेलीच होती. मी एका जीपचा दरवाजा ठोकत होते. रस्ता अरुंद आहे, हातोडी थांबली की तिकडचं इकडं ऐकू येतं.

कुणीतरी म्हणालं, "चाचा, त्या इटलीच्या गाडीचा सौदा फसला म्हणं तुमच्यापायी."

मी हातोडी वरच धरून ठेवली. आता हे पुन्हा म्हणणार, याद न्हाई.

"गाडी इटलीची हाय," अब्बांचा आवाज आला. आधी बारीक, मग अख्ख्या हॉटेलाला जाईल एवढा. "नाक इटलीचं न्हाई बे. मी केलंय. ह्या हातानं. डाव्या अंगाला एक सूत वर राहिलंय, ते त्या साहेबाला घावलं न्हाई. तेबी माझंच हाय."